परत दिलेली वहाण

एन-जैत. जवाची कापणी सरत आली तो आठवडा.

पेलेतदादा,

हे पत्र मुशी लेवी लिहितोय. मी बोलते, तो लिहितो, आणि चार ओळी झाल्या की अंजिराची वडी मागतो. मी जे काही सांगेन ते संध्याकाळपर्यंत वेशीवर पोचलेलं असेल, हे ध्यानात ठेवून वाच.

तुझे निरोप मिळाले. मीठवाला दर खेपेला सांगायचा, "तुझ्या भावानं रामोथहून विचारलंय, बरी आहेस ना?" मी मीठ घ्यायचे आणि आत जायचे. उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतं. तू माझ्या नवऱ्याला मारलंस. मुद्दाम नाही मारलंस, हे रामोथच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि मलाही ठाऊक आहे. तुम्ही दोघं लाकडं तोडत होतात, कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि यशूबच्या मानेत बसलं. तुझ्या हातात नुसता दांडा राहिला. पण दादा, चुकून मारलेला माणूस काही थोडा कमी मरत नाही. दोन कापण्या झाल्या, मी अजून भाकरी करताना एक जास्तीची थापते.

रागावली आहेस का, असं विचारलंस. आहे. तरी उन्हात काम करताना तुझ्या पाठीला चट्टे उठायचे, त्याला तिथं कोणी तेल लावतं की नाही, हेही मनात येतं. आता यातलं कुठलं खरं ते तूच ठरव. लोकांचे निवाडे करायचास ना!

हानीएल कसा वागवतो, हेही विचारलंस. यशूब मूल न होता गेला, म्हणून रीतीप्रमाणे त्याच्या धाकट्या भावानं मला घरात घेतलं. पहिला मुलगा होईल तो यशूबच्या नावाचा, यशूबच्या जमिनीचा. आणि त्याच हानीएलवर भावाच्या रक्ताचा सूडही आला. गावानं एका बैलाच्या मानेवर दोन जोखडं ठेवली. भावाची बायको सांभाळ, आणि त्या बायकोच्या भावाला मार! इकडे आड, तिकडे विहीर. गरीब माणूस आहे रे तो. बकऱ्यांनासुद्धा मोठ्यानं हाकारत नाही. मला अजून चुकून "वहिनी" म्हणतो आणि मग स्वतःची जीभ चावतो. गावातली टवाळ पोरं त्याला विचारतात, "काय हानीएल, रामोथची वाट विसरलास का?" तो मान खाली घालून जातो. घरी येऊन जेवत नाही.

म्हणून सांगते, रामोथच्या खुणेच्या धोंड्यांबाहेर एक पाऊल टाकू नकोस. शरणपुरात आहेस तोवर तुला कोणी हात लावू शकत नाही. महायाजक मरेपर्यंत तिथं राहायचं आहे, तर राहा. शिलोहून त्याच्या घरचे लोक तुम्हाला दरसाल लोकरीच्या घोंगड्या पाठवतात म्हणे, त्याच्या मरणाची प्रार्थना करू नये म्हणून. घोंगडी घे, आणि प्रार्थना काय करायची ती मनातल्या मनात कर. खिडकीत फुटक्या रांजणात अंजिराचं रोप लावलंस असं मीठवाला म्हणाला. फळ धरेपर्यंत राहायचा बेत दिसतो.

गावाचं विचारशील तर, एलाच्या झाडाखालची तुझी निवाड्याची जागा रिकामी आहे. वडीलधाऱ्यांतला शेलेशबाबा तिथं बसून बघतो. पण त्याच्याकडे कोणी भांडण नेत नाही, घरीच भांडून घेतात. अम्मोनी लुटारू पुन्हा नदीच्या या अंगाला उतरलेत. शेजारच्या गावाचं खळं झाडून नेलं, कोंडासुद्धा ठेवला नाही. आम्ही जव कोरड्या टाक्यात लपवलाय, वर शेण सारवलंय. परवा शेलेशबाबानं टेकडीवर चढून शिंग फुंकलं. तू फुंकायचास तेव्हा सात गावांचे पुरुष भाले घेऊन यायचे. या वेळी कुत्री आली.

बेरीकाका बरा आहे. एक दात उरलाय, तो मोठ्या तोऱ्यात दाखवतो.

अतारा

•

एन-जैत. गहू पिवळा पडला, विळे लावायचे आहेत.

पेलेतदादा,

हे पत्र वाचून होईपर्यंत फाडू नकोस. मागच्या पत्रात एक पाऊल बाहेर टाकू नकोस म्हटलं होतं. आता तीच मी, ये म्हणतेय.

काल शेलेशबाबा चार म्हाताऱ्यांना घेऊन घरी आला. माझ्या घरी! यशूब गेला तेव्हा रडायला उशिरा आलेली माणसं ही. बसली, ताक प्यायली, आणि शेलेशबाबा म्हणाला, "अतारा, तुझ्या भावाला बोलव."

मी म्हटलं, "का? कुत्र्यांनी साथ सोडली का?"

"थट्टा नको पोरी. गव्हाची कापणी झाली की अम्मोनी इथं येणार. खळ्यावर पोती भरली की ते हजर. सात गावं म्हणतात, पेलेत शिंग फुंकेल तर येऊ, नाहीतर आपापली भोकं बुजवून बसू."

"आणि हा?" मी हानीएलकडे बोट केलं. तो दारात उभा होता. "माझा भाऊ वेशीत आला की यानं काय करायचं? पाय धुवायला पाणी द्यायचं?"

शेलेशबाबा हसला नाही. म्हणाला, "हानीएल उद्या वेशीत वहाण काढून देईल."

तुला रीत माहीतच आहे. नात्यातलं शेत सोडवायचा हक्क एखाद्यानं सोडला, तर तो सगळ्यांदेखत पायातली वहाण काढून देतो, आणि मग त्या शेताकडे पुन्हा बघत नाही. शेलेशबाबा म्हणाला, तसाच हा रक्ताचा हक्क सोडेल. मुशी तिथंच बसला होता, त्यानं खाकरून काहीतरी म्हटलं. ते इथं लिहायची गरज नाही.

आज सकाळी हानीएल वेशीत गेला. सगळं गाव जमलं होतं. त्यानं वाकून उजव्या पायाची वादी सोडली, वहाण शेलेशबाबाच्या हातात दिली आणि म्हणाला, "पेलेतवरचा माझा हक्क मी सोडला. तुम्ही साक्षी." आवाज अगदी बारीक होता, तरी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला, एवढी शांतता होती. मी डोळ्यांनी बघितलं, दादा. मग एका पायात वहाण आणि दुसरा पाय उघडा असा तो तापल्या दगडांवरून घरी आला. पोरं मागून ओरडत होती, "उघड्या पायाचा! उघड्या पायाचा!"

मी यशूबची जुनी वहाण काढून पुढे ठेवली. म्हणाला, "नको. दिलं ते दिलं. बोलल्यावर पाय कशाला झाकायचा?"

मी त्याचा पाय धुतला. तेव्हा त्यानं एक गोष्ट सांगितली. एवढ्या दिवसांत कधी बोलला नव्हता. "त्या दिवशी मी तुझ्या भावाच्या मागे रामोथपर्यंत धावलो. गिलादमध्ये मला पळण्यात कोणी हरवलेलं नाही, वहिनी."

एवढंच बोलला. मला कळायला थोडा वेळ लागला. तुलाही लागेल.

माझा राग अजून आहे. पण गावात पोरंबाळं आहेत, आणि तुझ्याशिवाय कोणाच्या शिंगाला लोक येत नाहीत हे खरं आहे. आणखी खरं सांगायचं तर मला तुला बघायचं आहे. दार लोटून येशील तेव्हा तोंडावर काहीतरी फेकून मारीन कदाचित. पण ये.

अतारा

•

एन-जैत. द्राक्षं तुडवायला घेतली. हे पत्र तुझ्या छावणीवर, भाकरीच्या टोपलीत.

दादा,

भाकऱ्या वरच्या ताज्या आहेत, खालच्या कालच्या. आधी खालच्या संपव, पोरांना वरच्या दे.

जिंकलास ते टेकडीवरून कळलं. बायका डफ घेऊन नाचल्या. बेरीकाका नाचता नाचता बसला, तो उठेना, त्याला खाटेवरून घरी आणला. तो म्हणतो, लढाईत जखमी झालेला एन-जैतचा तो एकटाच.

आता जरा नीट ऐक. अम्मोनी नदीपार गेले, तरी तू छावणी मोडत नाहीस. सात गावांची पोरं तुझ्याभोवती बसून म्हणतात म्हणे, "पेलेत, तूच आमच्यावर राज्य कर, तुझ्यानंतर तुझा वंश." तू हसतोस आणि नको म्हणतोस. पण हसायच्या आधी जरा थांबतोस, असंही आलंय कानावर. शेलेशबाबाच्याही कानावर आलं असणारच. काल विहिरीपाशी तो म्हणाला, "पायातली वहाण पायातच बरी." कोणाबद्दल म्हणाला ते विचारलं नाही, पण बघत माझ्याकडे होता. गरज सरो, वैद्य मरो. ही माणसं मला नवी नाहीत.

तर तू रामोथला परत जा. मुशी उद्या सणासाठी शिलोला निघतोय. तो सांगतो, महायाजक फार थकलाय, त्याला भरवावं लागतं. एवढा काळ काढलास, आणखी थोडा काढ. तो गेला की कायद्यानंच मोकळा होशील. मग कोणाच्या वहाणेची गरज नाही.

पण जाण्याआधी एकदा घरी जेवून जा. मी मसूर शिजवीन, तुला आवडते तशी, कांदा करपवून. एक गोष्ट सांगायची आहे, ती तोंडानंच सांगेन, मुशीच्या हातून नाही. (मुशी म्हणतो, त्याला ती केव्हाच कळली आहे, डोळे आहेत त्याला. लिही म्हटलं तेवढं लिही रे बाबा.)

मुशी परत येईपर्यंत माझ्याकडून पत्र येणार नाही. दुसऱ्या कोणाला इथं लिहिता येत नाही.

अतारा

•

एन-जैत. जैतून झोडपायचे दिवस.

हानीएल,

हे पत्र रामोथला त्याच घरी येतंय, जिथं आधीची यायची. मीठवाल्याला वाट सांगावी लागली नाही. त्यानं पत्र घेतलं आणि माझ्याकडे न बघता गाढवाला टोचलं.

रामोथच्या वडीलधाऱ्यांनी तुला आत घेतलं, हे कळलं. माहीत नसताना केलंस, असं त्यांनी ठरवलं. आणि दादाचीच खोली दिली, दुसरी रिकामी नव्हती म्हणून. खिडकीत फुटका रांजण असेल. त्या अंजिराला पाणी घाल. त्यानं लावलंय.

शेवटचे दिवस आपण एकमेकांशी बोललोच नाही. तू भिंतीकडे तोंड करून पडायचास आणि मी चुलीपाशी बसून राहायचे. म्हणून आता बोलते. मुशी लिहितोय. त्यानं आज अजून काही खायला मागितलेलं नाही.

त्या संध्याकाळी दादा जेवायला आला. मी त्याच्या तोंडावर काही फेकलं नाही. मसूर वाढली. तू उशिरा आलास, वेशीतून. आपण तिघं एकाच परातीत जेवलो. मी मूल होणार असल्याचं सांगितलं, तेव्हा दादा घास हातात धरून रडला. म्हणाला, "यशूबचं नाव राहिलं. माझ्या डोक्यावरची धोंड उतरली." मग तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाप हा आणि नाव त्याचं. तुझी मजुरी कोण देणार रे?" आपण हसलो. तूही हसलास, मी बघितलं. आता वाटतं, तुझ्या कमरेच्या शेल्यात तेव्हाच ती वहाण होती.

ते मला नंतर बेरीकाकानं सांगितलं. जेवणाआधी शेलेशबाबानं तुला वेशीत बोलावलं होतं. चार म्हातारे आणि तो. म्हणाला, "आम्ही विचार केला. वहाण शेताची चालते, रक्ताची नाही. तुझी तुला परत घे." तू म्हणालास, "मी सगळ्यांदेखत बोललोय." त्यावर तो म्हणाला, "भाऊ तुझा. यशूबनं तुला खांद्यावर घेऊन वाढवला. आम्ही कोण सांगणार? आम्ही फक्त तुझी वस्तू परत करतोय." पेलेतला पोरं राजा करायला निघालीत म्हणून यांची झोप उडाली होती. पण ते कोणी बोललं नाही. बोलले ते यशूबबद्दल. यशूबचं नाव काढलं की तुला काही सुचत नाही, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

आणि मुशीनं खाकरून काय म्हटलं होतं, ते आता लिहिते. त्या दिवशी, शेलेशबाबा वहाणेची तोड काढत होता तेव्हा, मुशी म्हणाला होता, "कायद्यात असं कुठं सांगितलेलं नाही. रक्त वहाणेनं सुटत नाही." शेलेशबाबा त्याला म्हणाला, "तू जेव." मुशी जेवला. मी ऐकलं होतं, तरी दादाला कळवलं नाही. मला तो यायला हवा होता. मुशी आता लिहिता लिहिता थांबलाय. मी म्हटलं, तुझंही लिही, माझंही लिही.

पण सगळ्यात जास्त मला टोचतं ते सकाळचं.

दादा उजाडायच्या आधीच रामोथला निघून गेला होता. मी उठले तर तू उंबऱ्यावर बसला होतास, हातात वहाण. मला वाटलं, लढाई संपली, शेलेशबाबानं तुझी वस्तू मानानं परत दिली, हे प्रकरण मिटलं. मला एवढा आनंद झाला हानीएल, काय सांगू! सगळा उन्हाळा तू उघड्या पायानं काढलास, टाचेला भेगा पडल्या होत्या, पोरं मागे लागत होती. मी खाली बसले. वाकताना पोटात ओढ बसली, तरी वाकले. वहाण तुझ्या पायात घातली आणि वादी मी बांधली. ती नेहमी निसटायची, म्हणून दोन पीळ जास्तीचे दिले. तू वर बघत होतास.

मी विचारलं, "कुठं निघालास?"

म्हणालास, "मळ्यात, वहिनी."

मी तुझ्या पायावर चापट मारली. म्हटलं, "पोटात तुझं मूल आणि अजून वहिनी?"

तू उठून चालायला लागलास.

पहिल्या वेळी तू हळू धावलास. कोणालाही कळलं नाही. या वेळीही तसाच धावला असतास. उघड्या पायाचा माणूस काट्याकुट्यांतून किती धावणार? वहाण सैल होती, वादी सुटली, असं सांगून परत आला असतास. शेलेशबाबानं काय केलं असतं? फार तर पोरांनी नावं ठेवली असती, आणि तू मान खाली घालून गेला असतास, नेहमीसारखा. ती सबब मी तुझ्या पायातून काढून घेतली, दोन पीळ जास्तीचे देऊन. घट्ट वादी बांधलेल्या गिलादच्या सगळ्यात वेगवान माणसाला कोणती सबब उरते? दादा रामोथचे धोंडे दिसतात त्या चढावर बसून भाकरी खात होता, असं गुराखी म्हणाले. माझी भाकरी. तुला बघून त्यानं हात हलवला. मीच काहीतरी विसरलेलं द्यायला तुला पाठवलंय, असं त्याला वाटलं असणार.

तू परत आलास, वहाणा दाराबाहेर काढल्यास, हात धुतलेस आणि म्हणालास, "वहिनी, झालं." मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. मग गावातून थाळ्या यायला लागल्या, तुझ्या मानाच्या. मी त्या सगळ्या बकऱ्यांपुढे ओतल्या.

त्यानंतर मुशी शिलोहून आला, तो प्रसंग तू घरात होतास म्हणून पाहिला नाहीस. मी विहिरीवर होते. गाढवावर उलटासुलटा बसून, दोन्ही हात वर करून, हा वेशीतूनच ओरडत आला, "पेलेत सुटला! महायाजक गेला! अग अतारा, तुझा भाऊ सुटला!" आनंदानं त्याची टोपी पडली. कोणी उचलली नाही. तो एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "पेलेत कुठंय? अरे, बोला की! कोणीतरी जाऊन सांगा त्याला."

शेलेशबाबानं विचारलं, "कधी गेला महायाजक?"

मुशीनं सांगितलं. आपण तिघं परातीत जेवलो, त्याच्या आदल्या दिवशी.

सगळ्यांना कळलं. दादा जेवायला बसला तेव्हाच मोकळा होता. मोकळ्या माणसाला मारणं म्हणजे सूड नाही, खून. शेलेशबाबा लगेच म्हणाला, "आम्ही फक्त वहाण परत दिली. चालायला सांगितलं नाही." त्याची जीभ झडो. मुशी, हे जसंच्या तसं लिही.

मग सगळे बेरीकाकाकडे बघायला लागले. दादाचा सगळ्यात जवळचा पुरुष तोच, म्हणजे सूड आता त्याच्यावर. काका भिंतीशी बसून शेंगा सोलत होता. म्हणाला, "मी?" मग उठला, आणि चाकू आणतो म्हणून घरात गेला. तेवढ्यात मी धावत येऊन तुला घराबाहेर काढला. काका घरभर चाकू शोधत होता, मडकी पाडत होता, सुनेला शिव्या देत होता. तू टेकडी ओलांडलीस तरी शोधतच होता. चाकू त्याच्या कमरेला होता. मी बघितला.

बस. एवढं सगळं बोलायला आधी जमलं असतं तर.

अतारा

•

एन-जैत. पुन्हा जवाची कापणी.

हानीएल,

मुलगा झाला. रीतीप्रमाणे नाव यशूब ठेवलं, वेशीत सगळ्यांदेखत. बेरीकाकानं त्याला मांडीवर घेतलं. पोरानं त्याच्या दाताला हात घातला.

काकाला महिन्यातून एकदा गाढवावर बसवून तुमच्या धोंड्यांपर्यंत नेतात, कर्तव्य म्हणून. तिथं बसून तो भाकरी खातो आणि परत येतो. त्यानं तुला निरोप दिलाय, "बाहेर येऊ नकोस रे. मला उठावं लागेल."

तू मीठवाल्याजवळ विचारलंस, येऊ का. काका म्हातारा आहे, काही करणार नाही, हे खरं. पण काकाच्या मागे शेलेशबाबा आहे, आणि काकानंतर काकाचे नातू. ये असं मी या तोंडानं एकदा कळवलंय. पुन्हा नाही कळवणार, शेलेशबाबानं सगळ्या गावाच्या वहाणा काढून दिल्या तरी नाही. मी तिकडे यावं म्हटलं, तर यशूबच्या शेतावर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा नांगर चालेल. पोराचं नाव ज्या जमिनीसाठी आहे, ती धरून मला बसायला हवं. म्हणून तू तिथं आणि मी इथं.

मुशीला विचारलं, नवा महायाजक कसा आहे? म्हणाला, तरुण आहे. देखणा आहे, दात सगळे शाबूत, शिलोच्या पायऱ्या एका दमात चढतो. त्याच्या आईनं या वर्षी तुम्हा लोकांसाठी दुप्पट घोंगड्या विणून घेतल्यात. मी विचारलं, "खोकला वगैरे काही?" मुशीनं बोरू खाली ठेवला. मला माझी लाज वाटली. ती बाईसुद्धा कोणाची तरी आई आहे. पण प्रश्न तोंडातून गेलाच. उद्याही जाईल.

अंजिराला फळ धरलं तर पहिलं दादाच्या नावानं वेशीबाहेर ठेव. पाखरं खातील.

पोराचा रंग तुझा आहे, बोलण्याचं अजून कळत नाही. पाय मात्र तुझेच, लांब आणि रुंद. बायका म्हणतात, हा धावणार. परवा शेलेशबाबाच्या घरून त्याच्यासाठी एवढ्याशा वहाणा आल्या, कोकराच्या कातड्याच्या, मऊ. मी परत पाठवल्या. चालायला लागला की आपल्या वहाणा तो आपण घालेल आणि वादीही आपली आपण बांधेल. मला ती बांधता येत नाही, असं सांगेन त्याला.

अतारा